सोवनीकाकांचा डावा हात

दिनकर सोवनी रांगेत उभे राहिले की मागचा माणूस हमखास विचारायचा, "आर यू ओके, सर?" गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी आत ओढलेली, डोळे अर्धवट मिटलेले आणि दोन्ही हात पोटासमोर असे गोल, की एखादा भरलेला रांजण कवटाळून उभे असावेत. ग्रोसरीच्या दुकानात, बँकेत, विंटर टायर्स बदलून मिळेपर्यंत गॅरेजच्या दारात, कुठेही. रांग सरकली की डोळे न उघडता तेही एक पाऊल सरकत. कोणी विचारलंच, तर एक डोळा उघडून म्हणत, "व्हेरी ओके," आणि तो पुन्हा मिटत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही रांगेतच. कॅनडातल्या विंडसरमधल्या मराठी मंडळींची दिवाळी एका शाळेच्या हॉलमध्ये होती आणि जेवणाची रांग भिंतीला वळसा घालून दारापर्यंत गेली होती. नितीनला, माझ्या नवऱ्याला, जाऊन सहा महिने झाले होते. त्यानंतर मी प्रथमच चार माणसांत आले होते आणि येऊन पस्तावत होते. पुढचे गृहस्थ असे विचित्र उभे दिसले तेव्हा माझ्यातली फिजिओथेरपिस्ट जागी झाली. मी विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

"उत्तम वाटतंय. मसालेभात यायला अजून वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात उभं राहून घेतो."

मी म्हटलं, उभे तर आपण सगळेच आहोत.

"छे. तुम्ही सगळे ताटकळताय," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "गुडघ्यांना कुलपं घातलीयत तुम्ही. काय झालंय?"

गेल्या सहा महिन्यांत मला 'कशी आहेस' असं शंभर जणांनी विचारलं होतं. गुडघ्यांबद्दल कोणी विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं. त्यांनी वाईट वाटल्याचं तोंड केलं नाही की काळ हेच औषध वगैरे म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "शनिवारी दहा वाजता या. तिथे बोलावं लागत नाही."

काका मूळचे सांगलीचे. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन तरुणपणीच इकडे आले आणि गाड्यांच्या प्लांटमध्ये डाय-शॉपला, म्हणजे साचे बनवायच्या विभागात लागले, ते थेट निवृत्त होईपर्यंत. तिथे त्यांच्या शेजारच्या बेंचवर वोंग नावाचा एक चिनी डायमेकर होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटत, वोंग लोडिंग डॉकमागे भिंतीकडे तोंड करून उभा राही. काका सांगत, की पहिलं वर्षभर त्यांनी त्याची टिंगल केली, दुसऱ्या वर्षी शेजारी जाऊन उभे राहिले, आणि मग सतरा वर्षं, वोंग निवृत्त होईपर्यंत, दोघं रोज तिथे अर्धा तास उभे राहिले. वोंगचं इंग्रजी तुटपुंजं होतं, काकांना चिनीचा गंध नव्हता. "त्यामुळे शिकवणं भेसळीशिवाय झालं," ते म्हणत. वोंगने त्यांना उभं राहणं शिकवलं, मग बसणं, मग बेंबीखाली तीन बोटांवर लक्ष ठेवणं, आणि फार पुढे श्वासाबरोबर ते लक्ष पाठीच्या कण्यातून वर नेऊन समोरून खाली उतरवणं. ताओ पंथातली ही जुनी साधना. चिनी लोक तिच्यातल्या ऊर्जेला ची म्हणतात. आपण प्राण म्हणतो तसं काहीतरी.

"ची म्हणजे काय ते मला माहीत नाही," काका सांगत. "पाठलाग केला की ती पळते, एवढं माहीत आहे."

वर्ग एका चर्चच्या बेसमेंटमध्ये भरे. बारा-चौदा माणसं, मी सोडून सगळी गोरी: निवृत्त शिक्षक, एक दंतवैद्य, दोन नर्सा, आणि आयुष्यभर स्कूलबस चालवलेली ब्रेंडा. नवा माणूस दार उघडून काकांकडे बघे आणि म्हणे, "योगा?" काका वर बोट दाखवत. "योगा इज अपस्टेअर्स. ट्यूजडेज." गोऱ्यांना चिनी विद्या शिकवणारा हा सांगलीकर कोणालाच पटकन पचत नसे. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: कोणती औषधं चालू आहेत? उत्तर काहीही आलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं, ती चालू ठेवायची. मग सहा आठवडे नुसते तळपाय. कोणी वैतागून म्हणे, आपण ऊर्जेपर्यंत कधी पोचणार? काका म्हणत, "आधी जमिनीपर्यंत पोचा."

त्या लोकांना काहीतरी व्हायला हवं असे. हाताला ऊब, कपाळात प्रकाश, पाठीत मुंग्या. घरून वह्या लिहून आणत आणि काकांना वाचून दाखवत. काका शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "दॅट्स नाइस. आता सोडून द्या." दंतवैद्याला सर्टिफिकेट हवं होतं. काकांनी चर्चच्या मशीनवर एका कोऱ्या कागदाची फोटोकॉपी काढून त्याला दिली आणि सांगितलं, नाव तूच लिही. आणि कोणी कुरकुरत आलं, की इतके महिने झाले, मला काहीच होत नाही, तर काकांचा चेहरा खुलत असे. "काही होत नाहीये ना? मग अगदी बरोबर चाललंय." एकदा मला मराठीत म्हणाले, "मला चाळीस वर्षांत काही झालं नाही, वैशाली. या लोकांना सांगितलं तर पळून जातील."

मला त्या तासाचं व्यसन लागलं. पहिल्या महिन्यात मी उभी राहून नुसती रडत होते. कोणी जवळ आलं नाही, कोणी टिश्यू पुढे केला नाही. काका फक्त मागून जाताना हळू म्हणत, "गुडघे." तेवढ्याने मी पुन्हा पायांवर येई. आठवड्याचे सहा दिवस मी शनिवारच्या आधारावर काढत होते. हे सांगायला हवं, कारण पुढे जे मी केलं त्याचं दुसरं कारण माझ्याजवळ नाही.

वर्गानंतर मी बहुतेक वेळा त्यांच्या घरी जेवायला जाई. सुधाकाकू या सगळ्या प्रकाराकडे कौतुक आणि कंटाळा यांच्या मधून कुठूनतरी बघत. काका घरीही बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनसमोरच्या भिंतीकडे तोंड करून रोज पहाटे तासभर उभे राहत. "लग्न झालं तेव्हा वाटलं नव्हतं, माझी सवत भिंत असेल," काकू म्हणत. काका वर्गाला शिकवत, की आतल्या अवयवांकडे बघून मनातल्या मनात हसायचं. काकू पोळी वाढता वाढता म्हणायच्या, "लिव्हरकडे बघून हसतात. बायकोकडे बघून नाही." काका हसत. त्यांची मुलगी मृणाल कॅल्गरीला होती. रविवारी तिचा फोन येई, काका मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांचं छान चाले.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. वर्ग सुटला होता आणि काका पार्किंग लॉटमधून गाडीकडे चालले होते. मी मागे होते. त्यांचा उजवा हात चालताना नेहमीसारखा मागेपुढे जात होता. डावा हात जात नव्हता. तो अंगाला चिकटून, कोपरात जरासा वाकून, नुसता बरोबर चालला होता.

असा हात मी माझ्या कामात वीस वर्षं पाहिला आहे. एका हातावरून निदान होत नाही, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या शनिवारी फळ्यावर त्यांनी काही लिहिलं, तर ओळीच्या सुरुवातीचं अक्षर मोठं होतं आणि शेवटचं मुंगीएवढं. त्याच दिवशी जेवताना काकू म्हणाल्या, की यांना हल्ली फोडणी करपल्याचा वाससुद्धा येत नाही. मी ताटात खाली बघितलं. पार्किन्सन्स. मला त्या क्षणी शंका उरली नाही.

मी बोलले नाही. सांगायला फार तर अर्धं वाक्य लागलं असतं: काका, एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवू या. माझ्या पेशंटांना मी हे वाक्य सहज म्हणते. पण ते म्हटलं की वर्ग संपला, हे मला दिसत होतं. बेसमेंट गेलं, शनिवार गेला, मागून हळू येणारा तो आवाज गेला. मी ठरवलं, ख्रिसमसनंतर बघू. औषधाने हा रोग थांबत नाही, फक्त त्रास कमी होतो. मग दोन-तीन महिन्यांनी काय बिघडणार आहे, असा हिशोबही मी मांडला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सगळे गेल्यावर काकांनी मला थांबवलं. इकडेतिकडे पाहिलं. ते लाजले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस लाजलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"तुला एक सांगतो, सुधालासुद्धा सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "गेले काही महिने उभा राहिलो, सगळं अगदी शांत झालं, की डाव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागतो. मी काही करत नाही गं. मी बघत असतो, आणि तो हलतो. वोंग म्हणायचा, की फार वर्षांनी कधीकधी असं होतं. शरीर आपलं आपण चालायला लागतं. त्याचं झालं होतं. मला वाटलं होतं, माझ्या नशिबात नाही."

मग त्यांनी खुर्चीवर बसून मला दाखवलं. हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले. थोड्या वेळाने अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासू लागली, गोळी वळावी तशी, एका लयीत. पाठ्यपुस्तकात असतं तसंच. हा कंप विश्रांतीतच येतो. हात कामाला लावला की थांबतो. चाळीस वर्षं विश्रांतीचाच अभ्यास केलेल्या माणसाला तो इतरांपेक्षा स्पष्ट दिसला असेल. डोळे मिटलेले असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वर्णन करू शकत नाही. मी एवढंच म्हटलं, "हो का, काका?"

"कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "माझंच मन मला म्हणतंय, दॅट्स नाइस, आता सोडून दे. पण सोडवत नाहीये."

जानेवारीत ते इतरांनाही दिसलं. ब्रेंडाने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, की तिने सरांच्या हातातली ऊर्जा प्रत्यक्ष हलताना पाहिली. तिचे डोळे भरून आले होते. त्यानंतर वर्गात सगळे जास्त शांत उभे राहू लागले. काका काही म्हणाले नाहीत. पण तो हात झाकलाही नाही. आणि मी त्या खोलीत, हे सगळं माहीत असलेली एकटी, गुडघे सैल सोडून उभी होते.

फेब्रुवारीत बर्फ पडलं त्या सकाळी काका ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हलने काढताना पडले. तोल सावरायला जे पाऊल पटकन पडायला हवं होतं ते पडलंच नाही. खुबा मोडला. काकूंचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. पोचेपर्यंत त्यांना ऑपरेशनला नेलं होतं. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी त्यांना चालवायला घेतलं तेव्हा त्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचा चेहरा, हात, पावलं पाहिली आणि न्यूरॉलॉजिस्टला बोलावलं. पाच मिनिटांत झालं. जे सांगायला मला पाच महिने पुरले नाहीत ते एका अनोळखी माणसाने पाच मिनिटांत, पलंगाच्या कडेला बसून, नीट सांगितलं.

संध्याकाळी मी गेले तेव्हा काकू घरून डबा आणायला गेल्या होत्या. काका छताकडे बघत पडले होते.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून."

ते मनाशी महिने मोजत असावेत. "म्हणजे मी तुला हात दाखवला तेव्हाही."

"हो, काका."

"मी किती खूश होतो, ते तू बघत होतीस."

मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी उजवा हात जरा उचलून थांबवलं. रागाने नाही. थकून. मग म्हणाले, "सुधाला सांगू नकोस, तुला माहीत होतं म्हणून. तिला वाटेल, घरात राहून आपल्याला कसं दिसलं नाही. ती स्वतःला खात बसेल." मी शब्द दिला. नंतर त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. नदीपलीकडे डेट्रॉइटचे दिवे लागत होते. मी डबा येईपर्यंत बसून राहिले.

मे महिन्यात त्यांनी हट्टाने वर्गाला नेण्यास सांगितलं. चर्चची लिफ्ट बंद होती. दोघा पुरुषांनी त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. सगळे आले होते, कोणीतरी फुलंही आणली होती. काकांनी डावा हात सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवला. तो हलू लागला. "तुमच्यापैकी काहींना वाटलं, ही ची आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "मलाही वाटलं. हा पार्किन्सन्स आहे. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी ती चालू ठेवा."

दंतवैद्याने विचारलं, की साधनेने हे बरं करता येणार नाही का. त्याच्या आवाजात खोच नव्हती; त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. काका म्हणाले, "नो."

"मग इतकी वर्षं आपण इथे काय करत होतो?" हे ब्रेंडा.

"उभे राहत होतो."

ब्रेंडाने कोट उचलला आणि जिना चढून गेली. पुढच्या शनिवारी मी काकांच्या वतीने बेसमेंट उघडलं, तर चार जण आले. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. जूनमध्ये मी एकटीच तासभर उभी राहिले आणि किल्ली चर्चच्या ऑफिसात देऊन आले. मी त्या लोकांना दोष देत नाही. ज्याचा स्वतःचा हात त्याच्या ताब्यात नाही त्याच्याकडून आपण काय शिकणार, असं त्यांना वाटलं असेल. काकांना मी सांगितलं, उन्हाळ्याची सुट्टी आहे. ते म्हणाले, "आता तरी खोटं बोलू नकोस." त्यानंतर मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही.

पुढचं दीड वर्ष लिहायला अवघड आहे, कारण त्यात फारसं काही घडलं नाही. फक्त एकेक गोष्ट जात राहिली. आधी जिना, मग गाडी, मग शर्टाची बटणं, मग आवाज. औषधं ते घड्याळ लावून घेत. मी आठवड्यातून तीनदा जाऊन व्यायाम करवून घेई. माझं काम मी चोख केलं, आता केलं. काकूंना उचलवेना तेव्हा मृणालने येऊन अर्ज केले आणि काकांना एका लाँग-टर्म केअर होममध्ये ठेवलं. खोलीत त्यांच्याबरोबर एक इटालियन म्हातारे होते, ते दिवसभर टीव्ही लावून ठेवत. काका त्या आवाजात डोळे उघडे ठेवून बसत. मिटत नसत.

मी एकदा हळूच म्हटलं, बसल्या बसल्या थोडं करू या का, बेंबीखाली लक्ष.

"नको," ते म्हणाले. त्यांचं बोलणं आता इतकं बारीक झालं होतं, की कान तोंडाशी न्यावा लागे. "शांत झालो की हा हलतो. हलवला की थांबतो. मी आयुष्यभर लोकांना उलटं शिकवलं."

मी काहीतरी समजूत घालायला गेले. त्या साधनेमुळे तर मी जगले, असं म्हणाले. खरं होतं ते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "तू रडत होतीस ते रडून झालं, म्हणून जगलीस. कुठल्याही खोलीत झालं असतं."

आणखी एका दुपारी त्यांनी आपणहून वोंगचा विषय काढला. प्लांटच्या शेवटच्या वर्षात वोंगच्या हातून हत्यारं पडायची, असं म्हणाले. पाय घासत चालायचा. चेहरा अगदी निर्विकार झाला होता. "आम्हाला वाटायचं, माणूस किती पोचलाय," काका म्हणाले. त्यांना हसू आलं असावं, पण त्यांचा चेहराही तेव्हा हसण्याच्या पलीकडे गेला होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. "चाळीस वर्षं दार उघडं ठेवून बसलो, वैशाली. आलं कोण, तर हे. आणि मी त्याला पाटावर बसवलं."

मी म्हटलं, वोंगचं नक्की काय होतं हे आता कोणी सांगू शकत नाही. ते म्हणाले, "तू सांगू शकतेस. तू नुसतं बघून ओळखतेस." त्यांना मला टोचायचं नव्हतं. मला खात्री आहे, नव्हतं. मी तरीही उठून वॉशरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

जानेवारीत घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला. चार दिवसांत गेले. शेवटच्या दिवशी मृणाल त्यांच्या उशाशी बसून इंग्रजीत "इट्स ओके, बाबा" म्हणत होती. काकू त्यांचा डावा हात धरून बसल्या होत्या. झोपेत तो हलत नसे.

फ्यूनरल होममध्ये तीसेक माणसं आली. मराठी मंडळी, प्लांटमधले तीन म्हातारे. वर्गातलं कोणी आलं नाही. मी सगळ्यांना कळवलं होतं. मृणालने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काकांच्या विनोदांबद्दल बोलले, फोटोकॉपीची गोष्ट सांगितली. लोक हसले. खाली बसताना मला स्वतःची किळस आली.

मग सगळे घरी आले, चहा झाला, लोक गेले. मृणाल वर मुलांना आवरत होती. मी आणि काकू किचनमध्ये कप धूत होतो. म्हणजे त्या धूत होत्या, मी पुसत होते. पाठमोऱ्या असतानाच त्या म्हणाल्या, "वैशाली, तुला आधीच कळलं होतं ना?"

काकांना दिलेला शब्द मला आठवला. पण विचारल्यावर खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. "हो," मी म्हटलं. "ऑक्टोबरात. काकांना हॉस्पिटलमध्ये सांगितलं मी. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ते पडले त्याच्या आधीच्या जानेवारीत तू जेवताना त्यांच्या हाताकडे बघायचं सोडून दिलंस. घरी येणारे सगळे बघायचे, तूच तेवढी बघत नव्हतीस." त्यांनी एक कप विसळून माझ्याकडे दिला. "मला गणपतीतच कळलं होतं."

मी कप पुसायला घेतला.

"माझे वडील मिरजेला सात वर्षं त्याच दुखण्याने पडून होते," काकू म्हणाल्या. "मी भरवलंय त्यांना. मला ओळखायला काय वेळ लागणार? पण हे तेव्हा बेसमेंटमधून गुणगुणत वर यायचे. पन्नास वर्षांत या माणसाला मी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, दिवाळीपर्यंत राहू दे. मग म्हटलं, संक्रांतीपर्यंत." त्यांनी आणखी एक कप घेतला, तो धुतलेलाच होता, तरी पुन्हा धुवायला लागल्या. "त्या दिवशी बर्फ बघून मी म्हणणार होते, जाऊ नका. पण मग का नको, ते सांगावं लागलं असतं. डाव्या हातात ग्लव्ह घालता येईना त्यांना. मीच घातला. आणि शोव्हल हातात दिलं."

वर मृणाल मुलांना बूट काढायला सांगत होती.

"काकांना माहीत होतं? तुम्हाला कळलं होतं ते?"

"नाही," काकू म्हणाल्या. "तू निदान सांगितलंस त्यांना. मी तेही नाही."

मार्चमध्ये घर विकून त्या मृणालकडे कॅल्गरीला गेल्या. दर रविवारी आमचा फोन होतो. तिथल्या थंडीबद्दल बोलतो, नातवंडांबद्दल बोलतो, मेथी कुठे बरी मिळते याबद्दल बोलतो. मध्येच काकांचं नाव निघतं, आणि दोघींपैकी एक जण विषय बदलते. कोणी बदलायचा, ते ठरलेलं नसतं.